बाळंतिणीच्या घरातला बॉयलर

लोक घर विकत घ्यायला जातात तेव्हा स्वयंपाकघर बघतात, छत गळतं का बघतात, शेजारी कुत्रा आहे का बघतात. आमचे बाबा ॲन आर्बरचं घर बघायला गेले ते पुढच्या दाराने शिरून थेट तळघरात उतरले, आणि एजंटबाई वर आईला कपाटं उघडून दाखवत होती तेवढ्या वेळात खाली त्यांनी घर पसंत करून टाकलं. तळघरात एक बॉयलर होता. मूळचा कोळशावरचा, पुढे कुणीतरी गॅसवर आणलेला, बिडाचा, हत्तीएवढा. हत्तीएवढा म्हणजे हत्तीएवढाच. माझी ताई म्हणते गाईएवढा होता, पण ताईला पहिल्यापासून मोठ्या गोष्टी लहान करून सांगायची खोड आहे. तिच्यावर किती विश्वास ठेवायचा ते ज्याने त्याने ठरवावं. बाबांनी अर्धी हयात नागपूरजवळच्या वीज केंद्रात बॉयलर विभागात काढलेली. तिथले बॉयलर इमारतीएवढे उंच, त्यांच्या पोटात माणूस शिडी लावून उतरतो. मग ते इथल्या विद्यापीठात जळण कसं जळतं यावर संशोधन करायला आले आणि त्यांच्या आयुष्यातून बॉयलर गेला, उरले नुसते आलेख. त्या तळघरात त्यांना जुना मित्र भेटला. वर येऊन ते आईला म्हणाले, घर चांगलं आहे. आईने विचारलं, न्हाणीघरं किती? ते त्यांनी बघितलंच नव्हतं.

तर हा हत्ती तळघरात बसून पाणी तापवायचा आणि ते पाइपांतून घरभर फिरवायचा. प्रत्येक खोलीत खिडकीखाली एकेक रेडिएटर, खांद्याला खांदा लावून उभ्या राहिलेल्या बिडाच्या नळ्यांचा. सकाळी खालून आधी एक हुंकार यायचा, मग जिन्याच्या भिंतीतून ठक, ठक, आणि शेवटी माझ्या खोलीतला रेडिएटर लग्नाच्या पंगतीत भाषण करायला उठलेल्या म्हाताऱ्यासारखा घसा साफ करायचा. त्याचं भाषण दुपारपर्यंत चाले. आईने या रेडिएटरांना फुकट बसू दिलं नाही. एकावर पापड, एकावर ओले मोजे, आणि जेवणाच्या खोलीतला सगळ्यात शांत स्वभावाचा जो होता त्याच्यावर विरजण लावलेलं पातेलं. मिशिगनच्या हिवाळ्यात आमच्या घरी जे दही लागायचं त्याची कवडी सुरीने कापावी लागे. कापलेला तुकडा ताटलीत उभा राही. मी पाहिलेलं सांगते आहे.

ताई, म्हणजे माझी थोरली बहीण सुजाता, लग्न होऊन तिकडे पश्चिमेला बॉथेलला गेली होती. भाऊजी सॉफ्टवेअरमध्ये. तिला दिवस गेल्याचं कळलं तेव्हा भाऊजींनी फोनवर सुचवून पाहिलं की इथली हवा सौम्य आहे, हॉस्पिटल घराजवळ आहे, तर आई, तुम्हीच इकडे या. आईने फोन कानापासून लांब धरून त्याच्याकडे बघितलं, जणू त्याच्यातून वास आला. "पहिलं बाळंतपण माहेरीच होत असते," ती म्हणाली. "हे का विचाराची गोष्ट आहे?" नागपुरातलं माहेर विमानाने दीड दिवसावर नसतं तर तिने तिथेच नेलं असतं; ते शक्य नव्हतं, म्हणून मिशिगनला माहेर म्हणायचं आम्ही ठरवलं. अशा रीतीने माझी बहीण जिथे फारसा बर्फ पडत नाही असं गाव सोडून जिथे नाकातला श्वास नाकातच गोठतो अशा गावी बाळंतपणाला आली. मी तेव्हा हायस्कूलच्या शेवटच्या वर्षाला होते आणि घरातली एकटी माणूस होते जिला हे विचित्र वाटलं. पण माझं मत कुणी विचारलं नव्हतं.

ज्या आठवड्यात थंडीने पहिला दात दाखवला त्याच आठवड्यात हत्ती बसला. सकाळी हुंकार आला नाही. बाबा खाली गेले आणि बराच वेळ वर आले नाहीत. मी जिन्यावरून वाकून बघितलं तर बॉयलरच्या पोटाला वरून खालपर्यंत तडा गेलेला, फरशीवर गंजकं पाणी, आणि बाबा त्याच्या अंगावर हात ठेवून उभे. दुरुस्तीचा प्रश्नच नव्हता. आणि ताईच्या बाळाला आमच्या बॉयलरचं कुणी काही कळवलेलं नसावं, कारण ते दिवस भरायच्या बरंच आधी, त्याच आठवड्यात, आलं.

मुलगी झाली. हॉस्पिटलात काचेच्या पेटीत ठेवली होती. तिचा अख्खा तळवा माझ्या अंगठ्याच्या नखावर मावायचा, आणि हे एक ताईसुद्धा कबूल करते. इकडे घरी काय परिस्थिती होती ती ऐका. खोबरेल तेल चमच्याने खरवडून डोक्यावर ठेवावं लागे आणि ते दुपारपर्यंत जसंच्या तसं तिथे बसून राही. ग्लासातलं पाणी मी सकाळी मोरीत उपडं केलं तर ग्लासाच्या आकाराचं पाणी बाहेर आलं आणि गडगडत गेलं. आंघोळीला जाणारा माणूस सगळ्यांकडे एकदा नीट बघून जाई. विजेचा एकच हीटर होता. तो असेल त्या खोलीत आम्ही तिघं (ताई हॉस्पिटलात बाळापाशीच राहत होती), आणि खोली बदलायची झाली की बाबा त्याला कडेवर घेऊन पुढे आणि आम्ही मागे. दही तर लागेचना. आई रोज विरजण लावायची आणि रोज सकाळी पातेल्यात कालचं दूध तिच्याकडे बघायचं. ती ते ओतून न देता हिशेबात धरायची: दही लागत नाही त्या घरात लेकरू कसं आणायचं?

तेच डॉक्टरीणबाईंनीही सांगितलं, दह्याचा उल्लेख न करता. बाळ वजन धरू लागलं होतं, शुक्रवारी सोडायला हरकत नव्हती. पण घर उबदार पाहिजे, रात्रंदिवस, खंड न पडता. तुम्हाला गारठा जाणवण्याआधी तो तिला लागलेला असेल, असं त्या म्हणाल्या. घर तयार नसेल तर बाळ इथेच राहील. ताई बाबांकडे बघत राहिली. लहानपणी सायकलची चेन पडली की बघायची तशी. बाबा म्हणाले, शुक्रवारी घर तयार असेल. गाडीत बसल्यावर त्यांनी चावी चुकीच्या बाजूला घातली, हे मी मागच्या सीटवरून पाहिलं.

कारण गावातले सगळे बॉयलर एकाच वेळी आजारी पडले होते आणि बसवणारा माणूस मिळत नव्हता. शेवटी गॅरी नावाचा एक मिळाला. दार भरून आत येणारा, आवाज त्याच्याहूनही मोठा, तळघरात बोलला की वरच्या मजल्यावरचे पेले किणकिणायचे. त्याने हत्तीचे तुकडे करून बाहेर नेले आणि नवीन बॉयलर आणला तो कपडे धुण्याच्या मशीनएवढा. बाबांना धक्काच बसला. हा घर तापवणार? त्यांनी दर तासाला खाली जाऊन गॅरीला प्रश्न विचारायला सुरुवात केली: पाण्याच्या दाबाची चाचणी कधी, सांध्यांची कधी, सुरक्षेची झडप कितीला उघडते. गॅरीने एकदाच हातातलं काम ठेवून विचारलं की डॉक्टर, तुमच्या तिथे बॉयलर किती मोठे होते? बाबांनी सांगितलं. गॅरीने शिट्टी वाजवली. त्यानंतर दोघांचं असं जमलं की मी डबा द्यायला गेले तर दोघं फरशीवर बसून एकमेकांना फुटलेल्या बॉयलरांच्या गोष्टी सांगत होते आणि काम थांबलेलं होतं. शुक्रवार दोन दिवसांवर होता. आई वरून ओरडली, "गप्पाइनं पाणी नाही तापत म्हणा त्याले."

तिची स्वतःची लढाई वेगळीच चालू होती. बाळंतिणीला वारा लागू द्यायचा नाही, हे तिला तिच्या आईने सांगितलं होतं, तिला तिच्या आईने. वारा लागला की बाळंतीण जन्माची कंबर धरून बसते, लेकराचं पोट धरतं. त्यामुळे तिने जुन्या सुती साड्या काढल्या, त्यांच्या पट्ट्या फाडल्या आणि घराच्या फटी बुजवायला घेतल्या. खिडक्यांच्या चौकटी, दारांच्या खालचे भाग, टपाल टाकायची खाच, सगळं. खिडक्यांवर वरून प्लास्टिक ताणून चिकटवलं. एखाद्या फटीपुढे ती डोळे मिटून गाल धरायची आणि म्हणायची, इथून येते. मग त्या फटीची खैर नसे. टपालवाल्याने दोन दिवस खाच चाचपून पाहिली आणि मग पत्रं पायरीवर ठेवायला लागला. घर इतकं बंद झालं की पुढचं दार लावलं तर माझ्या कानात विमान उतरताना होतं तसं व्हायचं. बाळंतिणीची खोली जेवणाच्या खोलीत केली होती, कारण तिथला रेडिएटर आईच्या विश्वासातला.

शुक्रवारी सकाळी बॉयलर सुरू करायचा होता. इथे बाबांची एक गोष्ट सांगायला हवी. त्यांच्या वीज केंद्रात नवा बॉयलर पहिल्यांदा पेटवताना पूजा होई, नारळ फुटे, सगळा विभाग रांगेने उभा राही. बाबा त्या बॉयलरच्या पोटात महिनामहिना रांगलेले असत, पण पूजेच्या वेळी त्यांची जागा शेवटच्या रांगेत, खांबाआड, आणि प्रसादाचं ताट त्यांच्या आधीच्या माणसापाशी येऊन रिकामं होई. प्रत्येक वेळी तिथेच रिकामं होई. बाबा हे हसत हसत सांगायचे: ताटाला माझ्यापर्यंतचं अंतर पाठ होतं, म्हणायचे. आम्ही नारळ फोडणारे नव्हे, त्यामुळे नारळाचं त्यांना दुःख नव्हतं. पण या तळघरातला बॉयलर त्यांचा होता, आणि त्यांनी गॅरीला आधीच सांगून ठेवलं होतं की पहिली ज्योत मी लावणार. आणि बुद्धवंदना आम्ही बाळ घरी आल्यावर घेणार. बाळाशिवाय उद्घाटन नाही.

माझ्याकडे वरचं काम होतं. पाइपांत नवं पाणी भरलं की रेडिएटरांत हवा अडकते. ती काढायला प्रत्येकाच्या कानापाशी एक छोटा मळसूत्री खिळा असतो आणि त्याला एक पितळी चावी. मी चावी घेऊन खोल्याखोल्यांतून पळत होते. खिळा सैल केला की रेडिएटर आधी फुसफुसायचा, मग खोकायचा, मग काळं पाणी थुंकायचा, आणि मी जिन्यात ओरडायची, "पाणी!" खालून गॅरी पेले हलवत उत्तर द्यायचा. माझ्या खोलीतल्या म्हाताऱ्याने इतकी हवा बाहेर टाकली की पडदे फुगले. मग खालून हाक आली आणि मी आणि आई जिन्यावर जाऊन बसलो.

गॅरीने सांध्यांवर साबणाचं पाणी लावून गॅस गळत नाही ना ते पाहिलं आणि बाजूला झाला. बाबांनी शर्टाची बाही खाली ओढली, बटण लावलं, जणू कुणाला भेटायचं आहे, आणि खाली बसून बटण दाबलं. आधी एक निळा थेंब दिसला. मग आत धप्प झालं आणि निळ्या ज्योतींची रांग उभी राहिली. बाबा उठले नाहीत. गॅरीने त्यांना तसंच बसू दिलं. थोड्या वेळाने त्याने एक काडी पेटवून बॉयलरच्या डोक्यावर धरली. तिथे पत्र्याची एक टोपी होती, खालून उघडी, वरून चिमणीला जोडलेली. काडीची ज्योत वाकून टोपीच्या आत झुकली. जळलेली हवा चिमणीतून वर निघून जाते आहे, असा त्याचा अर्थ. मग त्याने भिंतीत वर बसवलेल्या एका जाळीकडे बोट दाखवलं, जिच्यातून बाहेरची हवा फरशीवर थंडगार पडत होती, आणि म्हणाला की ही मात्र कधी झाकायची नाही. बाबा जरासे दुखावलेच. ज्वलनावर संशोधन करणाऱ्या माणसाला जळायला हवा लागते हे सांगावं? मला माहीत आहे, असं ते म्हणाले. त्यांना माहीत होतंच. इंग्रजीतलं हे संभाषण चाललं होतं तेव्हा आई मला घेऊन वर गेलेली होती, कारण डिंक तळायचा राहिला होता; हे मला बाबांनी नंतर सांगितलं.

गॅरी गेला, बाबा ताईला आणायला गेले. घर बोलायला लागलं. जिन्यातून ठक, ठक. आई प्रत्येक रेडिएटरला हात लावून आली, विरजण लावलं, आणि मग शेवटचा फेरा म्हणून तळघरात उतरली. तिथून ती जी वर आली ती लढाई जिंकल्यासारखी. एवढा चुला पेटवला आणि भिंतीले भोक ठेवून गेला तो माणूस, म्हणाली. जाळीत तिने तिची जांभळी साडी अख्खी, घडी करून, ठोकून बसवली होती. मीही विचार केला की बरं झालं. कुणीही तोच केला असता. तुम्हीसुद्धा.

बाळ आलं. ताईच्या कानाला स्कार्फ, बाळाला इतकी दुपटी की त्या गाठोड्यात बाळ आहे हे विश्वासावर मान्य करावं लागे. दारात आई बाबांना ऐकू जाईल अशा आवाजात ताईला म्हणाली, "आता घरात वाऱ्याचा थेंब नाही. एकही भोक नाही ठेवलं." आणि बाबा, मला अजून आठवतं, अभिमानाने हसले. रेडिएटरवर हात ठेवून उभे होते, बॉयलरशिवाय त्यांच्या डोक्यात काही नव्हतं.

इथून पुढे मी काही वाढवून सांगत नाही. वाढवायला जागाच नाही.

दुपारभर घर छान गरम होतं. आई डिंकाचे लाडू वळत होती, स्वयंपाकघरात तुपाचा धूर झाला म्हणून भिंतीतला पंखा चालू होता आणि तो घरातली हवा बाहेर ओढत होता. भाऊजींचा फोन आला. घर किती गरम आहे, थर्मामीटर बघून सांगा म्हणाले. मी सांगितलं. पुन्हा बघा म्हणाले. ताईचं डोकं जड झालं होतं. आई म्हणाली, बाळंतीण आहेस, होणारच, आणि स्कार्फ आणखी आवळला. माझंही डोकं दुखत होतं, पण मला परीक्षेचा अभ्यास होता आणि अभ्यास करताना माझं डोकं नेहमीच दुखे. आई स्वतः लाडू वळता वळता खुर्चीत बसली; एरवी ती कधी बसत नसे. आणि बाळ झोपलं होतं. दूध प्यायला उठेना. किती गुणाची आहे, आई म्हणाली. हॉस्पिटलात तर सारखी रडायची म्हणता.

दिवेलागणीला आम्ही वंदनेसाठी तळघरात उतरलो. ताई आणि बाळ वरच होते. दार उघडं ठेवून तिथूनच ऐकणार होती. बॉयलरजवळच्या स्टुलावर बाबांनी बुद्धाची छोटी मूर्ती ठेवली, मेणबत्ती लावली. आईने अगरबत्ती पेटवली, पण स्टुलावर जागा नव्हती, म्हणून तिने ती बॉयलरच्या डोक्यावर, त्या पत्र्याच्या टोपीच्या कडेला खोचली. आम्ही हात जोडले. बाबांनी त्रिसरणाला सुरुवात केली. त्यांचा आवाज वंदनेत एरवी खूप स्थिर असतो. मध्येच तो थांबला. मला वाटलं त्यांना भरून आलं, म्हणून मी डोळे उघडले नाहीत. मग उघडले. बाबा अगरबत्तीकडे बघत होते. धूर टोपीत जात नव्हता. टोपीच्या आतून काहीतरी त्याला बाहेर ढकलत होतं; तो खाली वळत होता, आमच्याकडे येत होता. बाबा वाकले आणि त्यांनी बॉयलरच्या खिडकीतून आत बघितलं. ज्योती निळ्या नव्हत्या. पिवळ्या, लांब, लोळणाऱ्या.

बाबांनी मूर्तीला हात जोडलेले सोडले आणि गॅसचा खटका बंद केला. सकाळी बाही खाली ओढून लावलेली ज्योत. एकदा धप्प झालं आणि तळघर गप्प झालं.

"जाळी," ते म्हणाले. वर बघितलं. जांभळी साडी.

आईला काही कळलं नव्हतं. "वारा येत होता जी," ती म्हणाली.

"वर चला. सगळे बाहेर. लेकरू उचला आधी." बाबा आयुष्यात एवढ्या हळू आवाजात कधी बोलले नव्हते, आणि म्हणूनच मी जिना तीन उड्यांत चढले. बाहेरची हवा आत यायला वाटच उरली नव्हती, म्हणून जळकी हवा चिमणीतून न जाता दिवसभर घरात उतरत होती. तिला वास नसतो, रंग नसतो. माणसाला झोप येते, एवढंच. बाबांनी जेवणाच्या खोलीची खिडकी उघडायचा प्रयत्न केला तर आईच्या पट्ट्यांनी ती बसलेली. तेव्हा आईने त्यांना बाजूला केलं आणि स्वतः नखांनी पट्ट्या ओढायला लागली. प्लास्टिक टराटर फाडलं. एक खिडकी, दुसरी, पुढचं दार, मागचं दार. महिनाभर जिच्याशी ती लढत होती ती मिशिगनची थंडी एका मिनिटात घरभर शिरली, आणि ती तिला आत घेत होती, दोन्ही हातांनी, येऊ दे, येऊ दे म्हणत. ताई बाळाला कोटाच्या आत छातीशी धरून दारात उभी होती. "मॉम, ती उठत नाही," ती म्हणाली. ताई आईला कधीही मॉम म्हणत नसे.

गाडी रस्त्यावरच होती. बाबांनी ती काढली, मी पुढे, आई आणि ताई मागे. ताईच्या कोटात काही हालचाल नव्हती. आई बाळाचे तळवे चोळत होती. मग तिने खिडकी खाली केली. आईने, स्वतःच्या हाताने, धावत्या गाडीत, बाळंतिणीच्या तोंडावर. बाहेरचा वारा सुरीसारखा आत आला. आणि कोटातून एक आवाज आला, मांजराच्या पिलाएवढा, मग मोठा, मग असा मोठा की गॅरीनेही लाजावं. लाल दिव्यापाशी बाबा स्टिअरिंगवर डोकं टेकून बसले. दिवा हिरवा झाला तरी. मागची गाडी हॉर्न वाजवत राहिली आणि आमच्यातल्या कुणालाही त्यांना निघा म्हणवेना, कारण आम्ही सगळे रडणं ऐकत होतो.

डॉक्टरीणबाईंनी सगळ्यांना तपासलं, तोंडावर ऑक्सिजन लावला, बाळाला ठेवून घेतलं. वेळेत निघालात, म्हणाल्या. आता मात्र नुसतं घर गरम आहे हे ऐकून मी तिला सोडणार नाही, बॉयलर बसवणाऱ्या माणसाने मला स्वतः फोन करावा. भाऊजींना बाबांनीच फोन केला. पलीकडून काय बोलणं झालं ते आम्हाला ऐकू आलं नाही. बाबा नुसतं हो, हो, बरोबर आहे तुमचं, म्हणत राहिले. भाऊजी दुसऱ्या दिवशीच्या विमानाने आले आणि, सांगायला हवं, त्या विषयावर एक शब्द बोलले नाहीत. लाडू मात्र डबाभर खाल्ले.

सकाळी गॅरी आला. साडी जाळीतून निघाली ती त्याने आईच्या हातात दिली, काही न बोलता, आणि ते त्याला किती जड गेलं असेल ते त्याचा आवाज ऐकलेल्यालाच कळेल. मग त्याने आणि बाबांनी मिळून बॉयलर पुन्हा सुरू केला. या वेळी घराची सगळी दारं-खिडक्या लावून, स्वयंपाकघरातला पंखा चालू ठेवून, जितकं वाईट होऊ शकतं तितकं करून. गॅरी काडी शोधत होता. आईने अगरबत्ती पेटवून पुढे केली. त्याने ती टोपीपाशी धरली. धुराची रेघ थरथरली, जराशी घुटमळली, आणि मग आत वळली, ओढल्यासारखी, टोपीत, चिमणीत, वर. आई बराच वेळ त्या रेघेकडे बघत होती.

"यालेही लागते का वारा?" तिने बाबांना विचारलं.

"लागते," बाबा म्हणाले. "मी सांगाले पाहिजे होतं."

"मले विचाराले पाहिजे होतं." एवढंच. नंतर दोघांनी कधी हा विषय एकमेकांना टोचायला वापरला नाही, आणि आमच्या घरात टोचायला मीठ संपल्याचं कारणही पुरायचं. गॅरीने आमच्या स्वयंपाकघरातून हॉस्पिटलला फोन लावला. खरं तर फोनची गरज नव्हती, नुसता ओरडला असता तरी पोचलं असतं. जाताना अगरबत्तीचा पुडा मागून घेऊन गेला. पुढे त्या गावात बॉयलर तपासणाऱ्यांच्या अंगाला चंदनाचा वास यायचा असं म्हणतात. म्हणजे मी म्हणते.

त्या दिवशी दही लागलं. संध्याकाळी बाळ पुन्हा घरी आलं आणि राहिलेली वंदना बाबांनी जिथे थांबले होते तिथून पुढे नाही, पहिल्यापासून घेतली. बाळ वरून पूर्ण वेळ रडत होतं, आणि आम्हाला ते हवं होतं.

आता माझी पन्नाशी उलटली. मी शुगर लँडला राहते, इथे थंडी म्हणजे एसीची, आणि बॉयलर हा शब्द मुलांना समजावून सांगावा लागतो. बाबा जाऊन बरीच वर्षं झाली. ते घर विकेपर्यंत आईचा एक नेम होता: हिवाळ्यात रोज सकाळी चहा टाकायच्या आधी ती तळघरात उतरायची, त्या जाळीपुढे तळहात धरायची आणि वर हाक मारायची, "येते!" बाबा आपल्या खुर्चीतून म्हणायचे, "बरं." मग चहा. आम्ही सुट्टीला घरी असलो तर अंथरुणात पडल्या पडल्या ते ऐकायचो, आणि ते ऐकल्याशिवाय पुन्हा झोप लागायची नाही.

ते बाळ म्हणजे आमची मैत्रेयी. ती आता बॉथेलला, आणि गेल्या महिन्यात तिला मुलगा झाला. तिने आपल्याच घरी राहून बाळंतपण केलं, त्याच गावात असलेल्या माहेरीसुद्धा गेली नाही. आई माझ्याकडे असते, ऐकू कमी येतं, म्हणून फोन मी स्पीकरवर लावते. मैत्रेयीने आजीला सगळं सांगितलं: बाळाचं वजन, दूध, नर्स रोज येते, घरात गॅस नाहीच, सगळं इलेक्ट्रिक आहे, आजी, भिंतीवर अलार्म आहेत, यू डोन्ट हॅव टू वरी. आईने शांतपणे ऐकून घेतलं. मग फोनपाशी वाकली.

"ते सारं राहू दे, बेटा," ती म्हणाली. "लेकराच्या खोलीत वारा येते का, ते पाह्य."